यालमारीची हिवाळी उदासी

हिवाळी उदासी मी रस्त्याच्या पलीकडून ओळखतो. ही बढाई नव्हे, हे माझं पद आहे. फिनलंडमधल्या योएन्सूच्या नगरपालिकेत मी एकोणीस वर्षं कर्मचाऱ्यांचा आरोग्य प्रतिनिधी आहे आणि दर नोव्हेंबरात, सूर्य तीनच्या आधीच मावळायला लागला की, 'अंधारावर मात' हे माझं व्याख्यान असतं. हजेरी सक्तीची असल्यामुळे सभागृह तुडुंब भरतं. उदासीची चार लक्षणं मी फळ्यावर लिहितो. माणूस अंधारा कोपरा शोधतो, बोलेनासा होतो, त्याची खाण्याची तऱ्हा बदलते आणि जवळ गेलं की अंगावर येतो. मागच्या बाकावरून एकदा कुणीतरी म्हणालं, "ऑस्मो, हा तर माझा सासरा झाला." सगळे हसले. मी हसलो नाही, कारण तो माझाही सासरा झाला होता.

माझे सासरे तावेत्ती. वय ब्याऐंशी, आयुष्यभर वायरमन. गेल्या ऑक्टोबरात त्यांनी आपलं घर सोडलं आणि ते गावातल्या वृद्धांसाठी बांधलेल्या सदनिकेत राहायला गेले. तिथे पक्षी चालत नाहीत, म्हणून त्यांचा यालमारी आमच्याकडे आला.

यालमारी म्हणजे कॉकाटील. मूठभर अंगाचा, पांढरा-पिवळट, डोक्यावर तुरा आणि गालांवर दोन नारिंगी टिकल्या. आठ वर्षं तो आणि बाबा एका स्वयंपाकघरात एकमेकांशी न बोलता सुखाने राहिले होते. या जातीचे नर म्हणे सुरेख शीळ घालतात. यालमारीने आठ वर्षांत एकदाही घातली नव्हती. पण फिनलंडमधला पुरुष आठ वर्षं गप्प राहिला तर तो पुरुष आहे की नाही अशी शंका कोण घेईल?

पिंजऱ्याबरोबर बाबांनी मला एक चिठ्ठी दिली. तिच्यावर चार ओळी होत्या.

दाणे.
पाणी.
पाच वाजता वरून कापड.
लाड नकोत.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"बाबा, तुम्ही अजिबात काळजी करू नका. तुमच्यापेक्षा छान ठेवीन."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुठली तरी तार चुकीच्या भोकात खुपसली असावी. मग म्हणाले, "चोवीस डिसेंबरला येतो. तीन वाजता. सौना तापवून ठेव."

घर सोडताना त्यांनी मागितलेली ही एकच गोष्ट. त्यांच्या नव्या इमारतीतही सौना आहे, पण तो कोमट असतो आणि दर पाच मिनिटांनी एक नर्स दार उघडून विचारते, "सगळं ठीक ना?" पन्नास वर्षं ज्या माणसाने गरम दगडांवर पाणी टाकून वाफेत एकट्याने, गप्प बसून शनिवार काढले, त्याला हा प्रश्न किती लागत असेल ते मला कळत होतं. आमच्या घरातल्या सौनाचा हीटर तर त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेला. नाताळात डुकराचं मांस करपलं तर आम्ही करपलेलं खाऊ, पण सौनाशिवाय नाताळ म्हणजे काय हे आमच्यात कुणाला ठाऊकच नाही.

तर नोव्हेंबर आला. व्याख्यान झालं. घरी येऊन बघतो तर यालमारी कपाटाखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात! बाहेर काढायला हात घातला तर सापासारखा फुत्कारला. वर्तमानपत्राच्या टराटरा चिंध्या केल्या. दाणे दुप्पट खायला लागला. चारही लक्षणं!

"इर्मेली," मी बायकोला म्हणालो, "तुझ्या बाबांच्या पक्ष्याला हिवाळी उदासी झालीय."

"घर बदललं म्हणून असेल," ती म्हणाली. "जरा थांब."

"एकोणीस वर्षं मी थांबलोय का कधी?"

उपचार मला तोंडपाठ होते. कपाटातून माझा प्रकाशाचा दिवा काढला. हा साधा दिवा नव्हे, हा खास उदासीवरचा, सूर्य घरात आणणारा. सकाळी सहा ते रात्री आठ यालमारीला ऊन. दोन्ही वेळा कोमट ओटची पेज. उदास जिवाला स्पर्श लागतो, म्हणून संध्याकाळी वर्तमानपत्र वाचता वाचता मी त्याच्या पाठीवरून बोट फिरवायचो. तो लगेच खाली वाकायचा, शेपटी वर करायचा आणि चूंचूं करत लाडात यायचा. एक अख्खा आठवडा मी ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो की पक्षी बोलायला लागला.

एका शनिवारी आमचा सौना आटोपल्यावर यालमारी उडत आत शिरला. सौना म्हणजे लाकडी फळ्यांची खोली, थोडी ऊब शिल्लक राहिलेली, शांत. वरच्या बाकावर पाण्याची लाकडी बादली रिकामी पडली होती. तो सरळ तिच्यात जाऊन बसला. मला गहिवरून आलं.

"बघ," मी इर्मेलीला म्हणालो, "यालाही दुखण्यावर सौनाच आठवला. शेवटी आपल्याकडचाच."

"आणि पुढच्या शनिवारी आपण कुठे बसायचं?"

"एक शनिवार नाही बसलो तर काय होतंय?"

मी बादलीत मऊ चिंध्या घातल्या, दिवा सौनात टांगला आणि दार लोटून घेतलं. सत्तावीस नोव्हेंबरला सकाळी पेजेची वाटी घेऊन आत गेलो तर यालमारीच्या पोटाखाली एक अंडं होतं. मोठ्या गोटीएवढं.

मी तसाच बाहेर आलो. "यालमारीने अंडं दिलंय."

इर्मेलीने कॉफीचा घोट घेतला. "मग तो यालमारी नाही."

आता एवढ्यावर तरी मी फोन उचलून कुणाला विचारायला हवं होतं. पण मी आरोग्य प्रतिनिधी! मी विचार केला, अंडं म्हणजे अंगावरचा ताण, तो दूर केला की जीव मोकळा होईल. हळूच हात घालून अंडं काढून घेतलं आणि फ्रीजमध्ये लोण्याच्या डब्यात ठेवलं. दोन दिवसांनी दुसरं. तेही काढलं. मग तिसरं, चौथं, पाचवं. माझ्या हाताला चोचीचे पाच घाव झाले. शेवटी मी पक्ष्यांच्या डॉक्टरणीला फोन लावला.

तिने सगळं ऐकून घेतलं. दिवा, पेज, पाठीवरचं बोट, बंद उबदार खोली, बादली, चिंध्या.

"तुम्हाला पिल्लं हवी होती का?" तिने विचारलं.

"छे! उदासी घालवत होतो."

"अहो, हे सगळं करून आम्ही मादीला अंड्यावर आणतो. दिवस मोठा केला, पोटभर मऊ खायला दिलं, घरटं दिलं, वर पाठ कुरवाळली. तिला वाटलं वसंत आला आणि नवराही मिळाला."

नवरा कोण हे तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

"मग मी अंडी काढून घेतली ते तरी बरं केलं ना?"

"ते तर सगळ्यात वाईट केलंत. तुम्ही एक काढलं की ती दुसरं घालते. दर अंड्याला तिच्या हाडातला चुना जातो. असंच चाललं तर एक दिवस अंडं आत अडकेल आणि ती मरेल. काढलेली परत ठेवा. फोल आहेत, त्यातून काही निघायचं नाही. दिवा बंद, पेज बंद, लाड बंद, खोलीत अंधार. चुना भरून यायला चोचीला समुद्रफेन द्या. ती खुडूक बसलीय, बसू दे. तीन आठवड्यांनी स्वतःच कंटाळून उठेल. तोवर बादलीला हात लावू नका."

ती सात डिसेंबर होती. मी बोटं मोजली. तीन आठवडे म्हणजे अठ्ठावीस. मध्ये चोवीस.

म्हणजे बाबांचा सौना बुडाला. आधी अंडी तरी परत ठेवू म्हणून फ्रीज उघडला तर डब्यात दोनच.

"इर्मेली, इथे पाच होती."

"तीन मी आल्याच्या बिस्किटांत घातली. मला वाटलं लाव्याची आणलीस." ती पिठाच्या हातांनी थबकली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण घट्ट लावून टाकलं.

दोन अंडी परत ठेवली. यालमारीने पुढच्या आठवड्यात आणखी चार घालून हिशेब पुरा केला आणि सहा अंड्यांवर तुरा ताठ करून बसला. बसली. मला अजून सवय झालेली नाही.

दर रविवारी बाबांचा फोन यायचा.

"पक्षी?"

"मजेत आहे."

"बोलतो?"

"नाही."

"मग ठीक आहे." आणि शेवटी ठरलेलं: "चोवीसला येतो. तीन वाजता."

या माणसाला खरं सांगायचं म्हणजे तुमचा नाताळचा सौना मी एका बादलीला दिला, हे सांगायचं. दोन रविवार मी तोंड उघडलं आणि दोन्ही रविवारी हवामानाबद्दल बोललो. माझी मलाच लाज वाटत होती.

हे कमी होतं म्हणून शेजारच्या राउहाबाई. आमच्या एका रांगेतल्या आठ घरांची सोसायटी आहे आणि सत्याहत्तर वर्षांच्या राउहाबाई तिच्या अध्यक्ष. शनिवारी संध्याकाळी आठ घरांच्या आठ झरोक्यांतून सौनाची वाफ निघते. त्या अंगणातला बर्फ ओढता ओढता मोजतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून वाफा सातच निघत होत्या. आमच्या झरोक्यातून मात्र पहाटे सहापासून रात्री आठपर्यंत लख्ख उजेड. मग डॉक्टरणीने अंधार करायला सांगितल्यावर मी खिडकीला आतून काळा पुठ्ठा ठोकला. उबदार खोली, चौदा तास झगझगीत दिवा, नंतर एकाएकी काळी खिडकी. दूरदर्शनवरच्या बातम्या बघणाऱ्या कुठल्याही बाईला यातून एकच गोष्ट कळते. ऑस्मो सौनात गांजा पिकवतोय.

त्यांचं पत्र आलं: 'आपल्या सौनाच्या वायुवीजनाची तपासणी करायची आहे.' मी ऑफिसातल्या सवयीने उत्तर दिलं: 'सदर खोली तूर्त खासगी कारणासाठी वापरात असून कृपया दार उघडण्याचा आग्रह धरू नये.'

"हे तू लिहिलंस?" इर्मेलीने विचारलं. "आणि पाठवलंस?"

"व्यवस्थित भाषा आहे."

"तुरुंगात जाणाऱ्याची आहे."

चोवीस तारीख उजाडली. दुपारी आम्ही स्मशानात जाऊन सासूबाईंच्या थडग्यावर मेणबत्ती लावली. अडीच वाजता बसमधून बाबा उतरले. काखेत टॉवेल आणि हातात कागदात गुंडाळलेली बर्चच्या पाल्याची जुडी. सौनात अंगावर मारून घ्यायला जूनमध्ये स्वतः बांधलेली, कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये सहा महिने जपलेली. आल्या आल्या त्यांनी मला ती दाखवली. बाबांनी मला आजवर आपणहून दाखवलेली ही पहिली वस्तू. मी कोट घेण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

खरं सांगायचं ठरवलं होतं. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "बाबा, हीटर बिघडलाय."

"कुठला?"

"सौनाचा."

"मी बसवलेला?"

ज्याने विहीर खणली त्यालाच मी पाणी आटल्याचं सांगत होतो. बाबा न्हाणीघरात गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. कमरेला टॉवेल, डोक्यावर लोकरी सौनाटोपी, हात पुढे केलेला.

"स्क्रूड्रायव्हर."

"बाबा, आज सणाचा दिवस, कशाला उगाच..."

"स्क्रूड्रायव्हर."

इर्मेली माझ्याकडे बघत होती. "सांग," तिचे ओठ म्हणाले. तेवढ्यात बेल वाजली.

दारात राउहाबाई. हातात निळ्या हायसिंथच्या फुलांची कुंडी, सणाची भेट म्हणून. चेहरा मात्र अध्यक्षांचा.

"शुभेच्छा," त्या म्हणाल्या. "सहा आठवडे मी दारात आले नाही. आज बघणार. उद्या पोलीस येऊन बघण्यापेक्षा आज मी बघितलेलं बरं."

"काय बघणार?" टॉवेलमधल्या बाबांनी विचारलं.

"तुमचे जावई सौनात काय पिकवतात ते."

मी सौनाच्या दाराला पाठ लावून उभा राहिलो. एका हाताला सोसायटी, दुसऱ्या हाताला सासरा, मध्ये मी. बाबांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं. ब्याऐंशीव्या वर्षीही पकड तारा ओढणाऱ्याची. दार उघडलं. आत गार, अंधार. वरच्या बाकावरून फुत्कार आला.

राउहाबाईंनी कुंडी छातीशी धरली. बाबा दोन पावलं पुढे गेले. बादलीतून तुरा वर आला.

"यालमारी?"

"बाबा," इर्मेली मागून म्हणाली, "यालमारी बाई आहे. सहा अंड्यांवर बसलीय. उठवलं तर पुन्हा घालत सुटेल आणि मरेल. अठ्ठाविसाला उठेल म्हणतात."

बाबांनी वाकून बादलीत पाहिलं. मग माझ्याकडे वळले. "काय केलंस?"

मी सगळं सांगितलं. दिवा, पेज, पाठीवरचं बोट, काढून घेतलेली अंडी. बिस्किटांचं तेवढं सांगितलं नाही.

"चिठ्ठी दिली होती," बाबा म्हणाले.

"हो."

"चार ओळी."

"हो, बाबा."

"आठ वर्षांत एक अंडं नाही. तू दोन महिन्यांत किती?"

"नऊ."

एकोणीस वर्षं मी अंधारावर मात शिकवली आणि माझ्याच दिव्याखाली अंधार. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त "म्हणजे सौना नाही" असं हळू म्हणाले आणि दार ओढून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी. मग खुर्चीवर बसून मोजे घालायला लागले. पाल्याची जुडी त्यांनी टेबलावर ठेवली. फ्रीजरमधला बर्फ वितळून तिच्याखाली पाण्याचं थारोळं जमत होतं. टॉवेलमधला तो म्हातारा माणूस मोजे घालताना बघून मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

राउहाबाईंनी घसा खाकरला. "माझा एकपासून तापलाय."

बाबांनी मान वर केली.

"अकरा वर्षं एकटीसाठी तापवते," त्या हायसिंथला म्हणाल्या. "तेवढीच वीज लागते. आधी तुम्ही जा. मी नंतर जाईन. मी दार उघडून काही विचारणार नाही."

बाबांनी एक मोजा घातला होता. तो त्यांनी काढला.

"किती अंश?" त्यांनी विचारलं.

"नव्वद."

बाबा उठले. जुडी घेतली, टॉवेलवर कोट चढवला आणि बूट अडकवून बर्फातून राउहाबाईंच्या मागे चालू लागले. त्या दिवशी आम्ही जेवायला साडेसहापर्यंत थांबलो. बाबा परत आले ते लालबुंद, केस ओले आणि टोपी मात्र तिकडेच राहिलेली.

"कसा होता?" इर्मेलीने विचारलं.

"गरम," बाबा म्हणाले आणि मांसाचे दोन तुकडे जास्त वाढून घेतले. त्यांच्या मानाने हे भाषण झालं.

यालमारी अठ्ठाविसाला नाही, सत्ताविसाला उठली. एक दिवस आधी. अंड्यांकडे वळूनसुद्धा न बघता पिंजऱ्यात गेली, दाणे खाल्ले आणि मी पाच वाजता वरून कापड टाकलं. मी सौना घासून पुसून चकाचक केला, नवी बादली आणली आणि त्याच दिवशी बाबांना फोन लावला.

"बाबा, पक्षी उठला! उठली. येत्या शनिवारी या. नव्वद अंश करतो."

"शनिवारी जमणार नाही."

"का?"

"राउहाकडे आहे."

पुढच्या शनिवारीही राउहाकडे. त्याच्या पुढच्याही. बाबा आता दर शनिवारी दोनच्या बसने येतात आणि आमच्या दारावरून हात वर करून शेजारी जातात. सातत्याने बघितल्यावर मला काळजी वाटायला लागली. बाबा पुन्हा पुन्हा त्याच उबदार अंधाऱ्या खोलीत जातात. तिथे जेवतात, तेही दोनदा. आपल्या सपाता आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा त्यांनी तिकडे नेऊन ठेवलाय. केस ओले करून पुढून वर विंचरतात. परवा मी अंगणात गाठून विचारलं, "बाबा, सगळं ठीक ना?" तर अंगावर आले. आणि वळल्यावर, मी माझ्या कानांनी ऐकलं, त्यांनी शीळ घातली.

मी घरात येऊन इर्मेलीला म्हणालो, "घाबरू नकोस, पण तुझ्या बाबांना हिवाळी उदासी झालीय. बहुतेक सगळी लक्षणं आहेत. शीळ तेवढी पुस्तकात बसत नाही. मी दिवा काढतो."

ती उठली, फ्रीजच्या दारावरची बाबांची चिठ्ठी काढून तिने माझ्या हातात ठेवली आणि 'लाड नकोत' या चौथ्या ओळीवर बोट टेकवलं.